सहावं नाव

मित्रांनो, मी एक जुनं आरोग्य कार्ड आहे. माझ्या अंगावरची छपाई उडाली आहे, एक कोपरा तुटला आहे, आणि यंत्रात घातलं तर यंत्र मला ओळख देत नाही. सध्या माझा मुक्काम एका रंगाऱ्याच्या अवजारांच्या डब्यात असतो. भिंतीला बारीक भेग दिसली की रंगारी मला बाहेर काढतो, माझ्या कडेवर पुट्टी घेतो आणि भेग बुजवतो. काम वाईट नाही. पण एके काळी माझ्यात पाच माणसं राहत होती. त्यांच्या दुखण्याखुपण्याला मी धावून जात होतो. आणि जिने मला सगळ्यांत जास्त जपलं, ती बाई मात्र त्या पाचांत नव्हती. तिची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म झाला एका कारखान्यात. तिथे प्लॅस्टिकचे पांढरे पापुद्रे एकावर एक रचत, गरम यंत्राखाली दाबत आणि मग त्यांचे तळहातावर मावतील असे तुकडे कापत. त्यातला एक तुकडा मी. पुढच्या टेबलावर माझ्या अंगात नखाएवढा खळगा पाडला गेला आणि त्यात एक सोनेरी चकती बसवली गेली. ती चकती म्हणजे माझी स्मरणशक्ती. साध्या कार्डाला त्याच्यावर छापलेलं तेवढंच माहीत असतं. मला मात्र सांगितलेलं लक्षात ठेवता येत होतं. पण तेव्हा कुणी काही सांगितलंच नव्हतं. नुकत्या जन्मलेल्या बाळासारखं माझं डोकं कोरं होतं. माझ्या शेकडो भावंडांबरोबर मला खोक्यात भरलं, आणि ते खोकं पुन्हा उघडलं तेव्हा मी एका शाळेच्या वर्गात होतो.

बाकं भिंतीला सारली होती. जमिनीवरून वायरी गेल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी त्यांत अडखळत होतं. टेबलावर संगणक, फोटो काढायचं यंत्र, अंगठा टेकवायची काच आणि छपाईयंत्र मांडलं होतं. सरकारने जाहीर केलं होतं की गरिबाघरी एक कार्ड मिळेल, ते दवाखान्यात दाखवलं की उपचाराचे पैसे पडणार नाहीत. लोकांचा विश्वास बसत नव्हता. बरेच जण दारातून डोकावून जात होते. "आधी दुसऱ्याचं होऊ दे, मग बघू," असं म्हणत होते.

त्या पहिल्या थोडक्या घरांत रंगाऱ्याचं घर होतं. म्हणजे त्याला यायचं नव्हतंच, बायकोने आणलं होतं. ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. सारी गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. तिच्या मागे काठी टेकत तिची सासू आली. तिला आपण आजी म्हणू. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांच्या मागे तीन पोरं होती, थोरली, मधली आणि धाकटा.

"घरात माणसं किती?" यंत्रावर बसलेल्या मुलीने विचारलं.

"सहा," रंगारी म्हणाला.

मुलीने मान वर केली. "कार्डावर पाचच बसतात."

"मग सहाव्याचं काय?"

"सहाव्याचं नाही होत, दादा. यंत्रात जागाच पाच आहेत. कुणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पण जरा लवकर, मागे रांग आहे."

रंगाऱ्याने आईकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि तो कान खाजवू लागला. आजी काठी आपटत पुढे झाली. "त्यात ठरवायचं काय एवढं? मला वगळा. पिकलं पान, आज ना उद्या गळायचंच."

"तुम्ही गप्प बसा हो आई," वहिनी म्हणाली. "डोळ्यांचं ऑपरेशन काय शेजाऱ्यांच्या नावावर करायचंय? ताई, मला वगळा. इतक्या वर्षांत मी कधी अंथरूण धरलेलं नाही. माझं अंग लोखंडाचं आहे."

"इस्त्री लोखंडाची असते," आजी पुटपुटली. "इस्त्री करणारी नसते."

आजूबाजूचे हसले. वहिनीही हसली. त्या हसण्यात गोष्ट ठरूनही गेली. रंगाऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तोवर मुलीने धाकट्याला खुर्चीवर बसवून त्याचा फोटो काढला होता.

मग मला यंत्रात सरकवलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही सांगत होतं! पाच नावं, पाच चेहरे, पाच अंगठे. मी ते सारं मनात भरून घेतलं. छापून बाहेर आलो तेव्हा माझं अंग गरम होतं. रंगाऱ्याच्या हाताला रंग होता. तो म्हणाला, "हिच्याकडे द्या. घरातलं सगळं हीच सांभाळते."

अशा रीतीने मी वहिनीच्या हातात आलो.

त्यांचं घर म्हणजे टायरवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर रबराचा वास आणि हवा भरायच्या पंपाची धडधड यायची. वहिनीने लाँड्रीतल्या फाटक्या चादरीचा एक तुकडा आणला, दुहेरी करून त्याची पिशवी शिवली आणि मला त्यात ठेवलं. ती पिशवी तिच्या बटव्यात, आणि बटवा कमरेला. तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने मला. धाकट्याने एकदा मला खेळायला मागितलं, तर त्याला असा धपाटा बसला की पुन्हा त्याने माझं नाव काढलं नाही.

खालचा टायरवाला मात्र थट्टा करायचा. "प्लॅस्टिकच्या तुकड्याने हाड जुळतं होय, वहिनी? मग मीही एक घेतो. पंक्चर काढायला बरं!"

त्याला उत्तर लवकरच मिळालं, पण ते कुणालाच नको होतं. रंगारी एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला रंग देत होता. पायाखालची फळी सरकली आणि तो खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. वहिनी लाँड्रीतून तशीच धावत दवाखान्यात आली. खिडकीवरच्या माणसाने मला यंत्रात घातलं आणि लाल दिवा लागला.

"कार्ड चालत नाही, बाई."

वहिनीने मला परत मागून घेतलं, चकतीवर तोंडाची वाफ सोडली, बाहीने घासून पुसलं आणि म्हणाली, "आता घाला." हिरवा दिवा लागला. मग रंगाऱ्याचा अंगठा जुळेना, कारण त्यावर रंगाचा थर होता. परिचारिकेने स्पिरिटने तो घासून काढला. तो कण्हत होता आणि म्हणत होता, "अहो, हा रंग पक्का आहे, कंपनीची गॅरंटी आहे." शेवटी अंगठा जुळला. त्याच्या मांडीत सळई बसवली गेली. काही महिन्यांनी तो पुन्हा शिडीवर चढला, लंगडत का होईना, पण चढला.

त्या दिवसांत माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! शेजारीपाजारी मला बघायला येत. मला हातात घेत, उलटंपालटं करत, परत देताना दोन्ही हातांनी देत. टायरवाला तर कार्ड काढायच्या पुढच्या शिबिरात रांगेत पहिला उभा होता. तेव्हा कुणीतरी विचारलं, "काय, पंक्चर काढायला?" त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

बघता बघता कार्डांचं राज्य आलं. वहिनीच्या बटव्यात माझ्या शेजारी बसचं कार्ड आलं. मग लाँड्रीच्या दारावर हजेरीचं यंत्र लागलं, त्याचं कार्ड आलं. धान्याचं आलं. आजी म्हणायची, "पूर्वी माणसं माणसांना ओळखायची. आता कार्डं ओळखतात." तिच्या बोलण्यात तक्रार होती, पण खरं सांगायचं तर धान्याच्या दुकानात वजनात मारायची सवय असलेला दुकानदार यंत्र आल्यापासून जरा सरळ झाला होता. हेही तीच सांगायची.

मधलीला दम्याचा त्रास होता. एकदा तिला श्वास घेता येईना, तेव्हाही मी कामाला आलो. आणि मग आजीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं काही महिन्यांनी करू, असं डॉक्टर म्हणाले आणि तारीखही देऊन टाकली.

पट्टी निघाली त्या दिवशी आजीने घर डोक्यावर घेतलं. भिंतीवरची पाल तिने पाहिली. माळ्यावरची धूळ पाहिली. "एवढ्या घाणीत राहत होतो होय आपण?" लेकाला म्हणाली, "तुझे केस कधी रे पांढरे झाले?" तो म्हणाला, "आई, तो रंग आहे." "रंग धुतला जातो," आजी म्हणाली. मग तिने सुनेकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"तू इतकी वाळलीस कधी गं?"

"तुमचा डोळा नवा आहे, आई. सगळं नवीनच दिसणार," वहिनी म्हणाली आणि ताटं मांडू लागली.

पण मला ठाऊक होतं. मित्रांनो, बटवा वहिनीच्या कमरेला उजव्या बाजूला असायचा. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि बरगडीखाली हात दाबून धरायची. तिचा हात आणि तिची वेदना यांच्या मधे मी असायचो. जेवण झाल्यावर तर हमखास. पुढे पुढे तिने जेवणच कमी केलं. "भूक नाही," म्हणायची. लाँड्रीतली मैत्रीण म्हणाली, "दाखव की कुठेतरी. तुझ्याकडे तर कार्ड आहे." वहिनी म्हणाली, "हो, बघते."

त्या दिवशी तिने जिन्यात उभं राहून मला पिशवीतून बाहेर काढलं. माझ्या पाठीवर छापलेली पाच नावं वाचली. तिला पाठ असलेलीच होती ती. तरी वाचली, आणि मला पुन्हा आत ठेवून दिलं. कुणाला काही बोलली नाही. दुखणं अंगावर काढलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला खोटं बोलता येत नाही तसं खरंही आपणहून बोलता येत नाही. कुणी विचारलं तरच मी उत्तर देतो, आणि तिच्याबद्दल मला कुणी विचारणारच नव्हतं.

आजीने मात्र नव्या डोळ्याने तिच्यावर पाळत ठेवली होती. एके सकाळी वहिनी खिडकीशी केस विंचरत होती. तेवढ्यात आजीने तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"डोळे पिवळे झालेत तुझे."

"उजेडामुळे वाटतं तसं."

"माझा एकच डोळा नवा आहे, पण खोटं बघत नाही. कुठे दुखतं?"

"काही नाही हो."

आजीने दुसऱ्या हाताने नेमकं बरगडीखाली दाबलं. वहिनी कळवळून खालीच बसली. आजीने लेकाला हाक मारली, "आज कामावर जायचं नाही. हिला दवाखान्यात ने. मी पण येते."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटाचा फोटो काढायला लावला. पित्ताशयात खडे झाले होते आणि एक खडा वाटेतच अडकला होता. "इतके दिवस काय करत होता?" त्या म्हणाल्या. "हे असंच राहिलं तर जिवावर बेतेल. आठवड्याच्या आत ऑपरेशन व्हायला हवं."

मग आम्ही त्याच खिडकीवर आलो. वहिनीने मला पिशवीतून काढून दिलं. पडद्यावर माझ्यातली पाचही माणसं उभी राहिली, रंगारी, आजी, थोरली, मधली, धाकटा. खिडकीवरच्या माणसाने एकदा पडद्याकडे आणि एकदा वहिनीकडे पाहिलं.

"तुमचं नाव नाही यात."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "यांनी बळेच आणलं." आणि तिने मला परत घ्यायला हात पुढे केला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. माझी चकती जिने आपल्या बाहीने पुसली होती, तिला मी ओळख दाखवू शकलो नव्हतो.

कार्डाशिवायचा खर्च रंगाऱ्याच्या आवाक्यात नव्हता. तो खिडकीची कड धरून उभा राहिला. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मोठ्या कार्यालयात जा. तिथे एक नाव काढून दुसरं घालता येतं. पण लहान मुलांचं नाव काढता येत नाही, आणि कुटुंबप्रमुखाचंही नाही."

राहिली एकच. तिघेही बाकावर बसले.

"तुमचा दुसरा डोळा राहिलाय, आई," वहिनी म्हणाली. "तारीख लागलीय. मला ते चालणार नाही."

"तुला विचारलंय कुणी?"

"पण तुम्हाला धड दिसणार नाही!"

"एका डोळ्याने मी तुला बघितलं की नाही?" आजी म्हणाली. "घरात दोन डोळेवाले चार होते, त्यांना दिसलं नाही. मला एक पुरतो." मग लेकाकडे वळून म्हणाली, "ऊठ. कार्यालय बंद व्हायच्या आत पोचायचंय."

कार्यालयात जेवणाची सुट्टी होती. ती संपेपर्यंत आजी खिडकीसमोरून हलली नाही. सुट्टीनंतर आलेल्या बाबूने मला यंत्रात घातलं, सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"आजी, तुमच्या डाव्या डोळ्याची तारीख लागलेली दिसतेय इथे. नाव काढलं की ती रद्द होईल. पुढचं नूतनीकरण होईपर्यंत परत घालता येणार नाही. समजलं का?"

"समजलं."

"नीट विचार करा."

"बाबा रे, माझा मोतीबिंदू डोळ्यात होता, डोक्यात नाही. अंगठा कुठे टेकवू ते सांग."

तिने अंगठा टेकवला. नाव पुसताना आवाज होत नाही, मित्रांनो. क्षणापूर्वी माझ्यात एक म्हातारी होती, काठीवाली, तोंडाळ, आणि क्षणानंतर तिची जागा रिकामी होती. मग त्या जागेवर वहिनीला बसवलं गेलं. फोटोत ती हिरमुसलेली दिसत होती. इतकी वर्षं तिच्या कमरेला राहून त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचं खरं नाव ऐकलं. घरी तिला त्या नावाने कुणी हाक मारतच नव्हतं.

ऑपरेशन वेळेत झालं. डॉक्टरीणबाईंनी काढलेले खडे एका बाटलीत घालून दाखवले. धाकट्याने ती बाटली घरी न्यायचा हट्ट धरला. वहिनी शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी खाटेच्या कडेला हात फिरवला आणि क्षीण आवाजात म्हणाली, "ही चादर आपल्याकडची नाही. घडी चुकलीय." तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पोरांना घेऊन आजी बाहेर गेल्यावर रंगारी खाटेजवळ स्टुलावर बसला.

"त्या दिवशी शाळेत मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही बोलला असतात तर काय म्हणाला असतात?"

तो म्हणाला, "माहीत नाही. पण बोलायला हवं होतं."

वहिनीने त्याच्या हाताला लागलेला वाळका रंग नखाने खरवडायला सुरुवात केली. तो हात पुढे धरून बसून राहिला.

तुम्हाला वाटेल, पुढच्या नूतनीकरणाला वहिनीने आपलं नाव काढून सासूचं घातलं असेल. तिनेही तसंच ठरवलं होतं. शिबिरात खुर्चीवर बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "ताई, माझं काढा, यांचं घाला. यांचा डोळा राहिलाय."

"आजी, या. अंगठा द्या," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

आजीने दोन्ही हात काखेत घातले. "नाही देत, जा."

"आई, असं काय करता लहान मुलासारखं!"

"एकदा तू अंगावर काढलंस. आता पुन्हा नको, बाई. माझा अंगठा माझा आहे. तो सुनेच्या सांगण्यावरून उठत नाही."

मागची रांग खोळंबली. लोक आधी कुरकुरले, मग हसू लागले, मग त्यांनाही चेव आला. एक म्हणाला, "आमच्यात तर सात आहेत!" दुसरी म्हणाली, "आमचा सासरा दर वर्षी रुसतो." एका बाईने सरळ विचारलं, "अहो, यंत्रात आणखी दोन जागा करायला काय पैसे पडतात?" यंत्रावरची मुलगी म्हणाली, "मावशी, मी करत असते तर दहा केल्या असत्या." त्या दिवशी आजीचा अंगठा काही मिळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

थोरली हे सगळं पाहत मोठी झाली. सज्ञान झाल्या झाल्या ती एका कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिला पुढे शिकायचं होतं, पण कारखान्यात कामगाराला स्वतःचं आरोग्य कार्ड मिळत होतं. ते हातात पडलं त्याच दिवशी ती आली आणि म्हणाली, "आता माझं नाव काढा. आजी, आता तरी हात बाहेर काढ. कुणाचं काही काढून घेत नाहीस तू." शिक्षण मग तिने काम सांभाळून केलं. अजून करते आहे.

अशी आजी पुन्हा माझ्यात आली. तिचा डावा डोळा उघडला गेला. पण उशीर झाला होता. आतली नस सुकली होती. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी हात दाखवून विचारलं, "बोटं किती?" आजीला सांगता आलं नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच त्या डोळ्याला कळत होतं.

घरी आल्यावर वहिनी भांड्यांपाशी जाऊन रडू लागली. पाण्याचा नळ सोडून रडत होती, म्हणजे ऐकू जाऊ नये. आजी काठी टेकत आली आणि तिने नळ बंद केला.

"पाणी वाया घालवू नकोस. उजेड दिसतो ना, पुष्कळ झालं. उजेड या डोळ्याने बघेन, आणि माणसं त्या डोळ्याने."

"माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे?" आजी म्हणाली. "पाचवर थांबायला तू शिकवलंस का त्या यंत्राला?"

यानंतर काही वर्षांनी सरकारने नवी कार्डं काढली. पाचाची अट गेली. घरात जेवढी माणसं तेवढी नावं. रांगेतल्या लोकांचं बोलणं कुणी वरपर्यंत पोचवलं, की वरच्यांना आपणहून सुचलं, ते मला ठाऊक नाही. मी साधं कार्ड. पण बातमी ऐकून मला आनंद झाला, जरी तिचा अर्थ माझे दिवस भरले असा होता.

शेवटचं काम म्हणून मला नव्या कार्डांच्या शिबिरात नेलं. माझ्यातलं सगळं काढून नव्या कार्डात भरायचं होतं. घरची सगळी मंडळी आली होती. थोरलीसुद्धा रजा काढून आली होती. यंत्रावर आता एक तरुण बसला होता. त्याने विचारलं, "सुरुवात कुणापासून करू?"

रीतीप्रमाणे कुटुंबप्रमुखापासून व्हायची. रंगाऱ्याने बायकोच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. "हिच्यापासून."

वहिनी मागे सरली. "माझं शेवटी घ्या. मला काय घाई आहे? आधी आईंचं..."

"बस गं खुर्चीवर," आजी म्हणाली. "फोटोला हसायचं नसतं म्हणतात. तू हस."

आणि वहिनी हसली. यंत्रावरच्या तरुणाने "हसू नका बाई" म्हणायला तोंड उघडलं, आजीकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कार्डं असतील. त्यांना नीट जपा. चकतीवर ओरखडे पाडू नका, ओल्या हाताने धरू नका, कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. वेळेला आम्ही जिवाचं काम करतो. पण तुम्ही सांगाल तेवढंच आम्हाला कळतं, याची आठवण असू द्या. घरातली माणसं मोजायची वेळ आली की मोजणारं माणूस हटकून स्वतःला विसरतं. ते यंत्राच्या लक्षात येत नाही. तुमच्या लक्षात यायला हवं. आज घरी गेलात की बघा, सगळ्यांना औषध घेतलंस का म्हणून विचारणारं आणि जिन्यात मधेच थांबणारं असं कुणी आहे का. त्याच्याजवळ जाऊन बसा. "तुझं काय?" म्हणून विचारा. आणि "काही नाही" असं उत्तर आलं, तर लगेच उठू नका. पुन्हा विचारा.